पहाटेच्या सायकलिंगला कानांसाठी काय घ्यावं: कानटोपी, कानपट्टी, बफ की बालाक्लाव्हा?

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. निफाडला तो कधीकधी ५ च्याही खाली जातो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात. नुसतं उभं राहिलं तर ही थंडी सोसते, पण सायकलवर बसलं की हिशेब बदलतो. १० अंशांत ताशी २५ किलोमीटर वेगाने गेलात तर उघड्या कातडीला ते साधारण ७ अंशांसारखं लागतं. ५ अंशांत त्याच वेगाला जवळजवळ शून्य. समोरून वारं असेल तर आणखी कमी.

हा मारा आधी कानांवर बसतो. कानाचा वरचा भाग म्हणजे पातळ कूर्चा आणि तिच्यावर ताणून बसवलेली कातडी, मधे चरबी जवळपास नाहीच. डोक्याचं तसं नाही. त्यावर केस आहेत, हेल्मेटचं थर्मोकोल आहे, आणि पेडल मारायला लागल्यावर पंधरा मिनिटांत टाळूला घाम फुटतो. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत चुकीची आहे. डोक्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांपर्यंतच असतो. म्हणून आपल्याकडच्या थंडीत कान आणि कपाळ झाकावं, टाळू मोकळी ठेवावी. कुठलीही टोपी विकत घेताना आधी हे बघा.

कानटोपी आणि मफलर

दूध किंवा पेपर टाकायला ताशी १०-१२ च्या वेगाने, हेल्मेट न घालता जाणाऱ्या माणसाला माकडटोपी पुरते. कान, हनुवटी, मान सगळं झाकलं जातं. वेग वाढला की तिची पहिली उणीव कळते: विणीच्या छिद्रांतून वारं थेट आत येतं. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. जाड लोकरीवर हेल्मेट नीट बसतच नाही. ते वर उचललं जातं, कपाळ उघडं पडतं आणि पडल्यावर हेल्मेट मागे सरकतं. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवरच हवी आणि मागची चकती फिरवल्यावर डोकं हलवलं तरी ते हलता कामा नये. टोपी घातल्यावर हे जमत नसेल तर ती टोपी हेल्मेटखाली चालणार नाही. वर गोंडा असेल तर प्रश्नच मिटला.

मफलर सायकलवर नकोच. सुटलेलं टोक चाकात किंवा चेनमध्ये जातं. ओढणीचे अपघात आपण ऐकतो ते असेच होतात. तोंडाभोवती घट्ट बांधायचा सुती स्कार्फ त्या मानाने बरा, फक्त त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. पण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की तेच कानाला गार करतं. तासाभराच्या आतल्या फेरीपुरता तो ठीक आहे.

कापसाचे बोळे अनेक घरांत सवयीने दिले जातात. त्यांनी कानाच्या आत वारं जात नाही हे खरं, पण झोंबतो तो बाहेरचा कान, आणि तो उघडाच राहतो. वर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबतो. अंधारात रस्त्यावर चालवणाऱ्याने हे करू नये.

कानपट्टी की बफ?

१० ते १५ अंशांत खरी निवड या दोघांतच आहे.

कानपट्टी म्हणजे हेडबँड. विकत घेताना कानावरची रुंदी मोजा. प्रौढ माणसाचा कान साधारण ६ सेंटिमीटर उंच असतो. पट्टी तिथे ८ ते १० सेंटिमीटर हवी, नाहीतर कानाची पाळी खालून डोकावते. कापड वारं अडवतं का हे दुकानातच कळतं. कापड ओठांवर धरून जोरात फुंका आणि दुसऱ्या बाजूला तळहात ठेवा. फुंकर हाताला लागली तर ताशी २५ च्या वेगाला वारंही आत येणार. पुढचा आणि कानांवरचा भाग वारारोधक, मागचा साधा विणलेला अशी पट्टी मिळाली तर ती उत्तम, कारण वाफ मागून निघून जाते. टाळू पूर्ण मोकळी राहते आणि लांब केसांची वेणी किंवा पोनीही मागून सहज निघते.

बफ म्हणजे पॉलिएस्टरची साधी नळी, शंभर-दोनशे रुपयांतही मिळते. ती एकटीच वारं अडवत नाही, पण घडी घालून वापरली की फरक पडतो. साधारण ५० सेंटिमीटर लांबीची नळी आधी अर्धी दुमडा, मग पुन्हा अर्धी. साडेबारा सेंटिमीटरची पट्टी होते आणि कानावर कापडाचे चार थर येतात. पातळ कापडाचे हे चार थर हेल्मेटखाली चालतात, फ्लीसची, म्हणजे जाड लवदार कापडाची नळी अशी दुमडू नका. घालताना कान मागे सपाट बसलाय ना हे बोटाने तपासा. पुढे दुमडला गेला तर अर्ध्या तासात ठणकायला लागतो. शिवण कानावर येऊ देऊ नका. कुड्या, बाळ्या घरी काढून ठेवा, पट्टीखाली त्या टोचतात. चष्मा नंबरचा असेल तर काड्या पट्टीच्या आत, कानावर नेहमीसारख्या. सरळ काड्यांचा स्पोर्ट्स गॉगल असेल तर काड्या पट्टीच्या बाहेरून. सगळ्यात शेवटी हेल्मेट, आणि त्याचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे मिळतात ना ते बघा. पट्टीच्या जाडीमुळे ते थोडे सैल करावे लागतात.

एकच वस्तू घ्यायची असेल तर बफ घ्या. रोज एकाच सपाट रस्त्याने एकाच वेगाने जाणार असाल तर वारारोधक कानपट्टी. घाटात जाणाऱ्याने मात्र बफच घ्यावा, आणि एक नाही, दोन. सिंहगड चढताना डोकं तापतं. तेव्हा बफ गळ्यात उतरवा. वर पोचेपर्यंत तो घामाने चिंब होतो. उतरताना पेडल मारायचं नसतं, अंगात उष्णता तयार होत नाही, आणि वेग दुपटीपेक्षा जास्त असतो. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरतानाही हेच. ८ अंशांत ताशी ४५ चा वेग म्हणजे कातडीला ३ अंश. ओला बफ कानावर घेऊन उतरणं म्हणजे ओलं फडकं बांधून उतरणं. कोरडा बफ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा आणि उतार सुरू होण्याआधी बदला.

स्कल कॅप आणि बालाक्लाव्हा

५ ते १० अंशांत, निफाड-नाशिक पट्ट्यात, कान झाकणारी पातळ स्कल कॅप, म्हणजे डोक्याला चिकटून बसणारी टोपी, आणि गळ्यात बफ ही जोडी घ्या. कॅप दोन मिलिमीटरहून जाड नको. डोकं मुळातच गार पडणाऱ्यांना, केस विरळ असणाऱ्यांना तीच बरी. कॅप नको असेल तर जुना उपाय आहे: हेल्मेटवर प्लास्टिकची शॉवर कॅप. हेल्मेटच्या पुढच्या छिद्रांतून येणारं वारं थांबतं आणि चढावर ती काढून खिशात टाकता येते.

बालाक्लाव्हा, म्हणजे डोक्यापासून मानेपर्यंत एकसंध आवरण, महाराष्ट्रात बहुतेकांना लागत नाही. नाकावर ओढला की श्वासाची वाफ वर जाऊन चष्मा धुरकटतो आणि तोंडापुढचं कापड ओलं होतं. चढावर कान उघडायचे तर हेल्मेट काढावं लागतं. टोरांटो किंवा मिनियापोलिसला सायकलने कामावर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उणे १० अंशांत ताशी २० च्या वेगाला कातडीला उणे १८ लागतं. तिथे मेरिनो लोकरीचा पातळ बालाक्लाव्हाच घ्यावा आणि तो नाकाखाली दुमडून वापरावा. त्या थंडीत कान बधिर होऊन पांढरट, मेणासारखा दिसायला लागला तर तो चोळू नये. आडोशाला थांबून त्यावर उबदार तळहात धरून ठेवावा. रंग आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांकडे जावं.

धुण्याबद्दल एक गोष्ट. पॉलिएस्टरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. केसांना तेल लावून निघालात तर तेलानेही तेच होतं, म्हणून तेल सायकल चालवून आल्यावर. मेरिनो गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, पिळू नका.