एफआरएलएस वायर, अकरा महिने: गिझरचा पॉइंट जळल्यावर लिहितोय

गेल्या मार्चमध्ये फुलेवाडीतल्या घराचं वायरिंग नवीन केलं, तेव्हा शाहूपुरीतनं 2.5 आणि 1.5 एमएमच्या (म्हणजे तांब्याची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये) वायरच्या कॉइल घेतल्या. आग पसरू न देणाऱ्या साध्या एफआरपेक्षा कॉइलमागं तीनशे रुपये जास्त मोजून धूर पण कमी करणारी एफआरएलएस घेतली, कारण दुकानदार म्हणला ही 250 डिग्री सोसते, परत बघायला नको. दहा महिने काही तक्रार नव्हती. ओढायला तर लई सोपी, बारीक तारांची मऊ वायर, पाइपात दोन बेंड असून पण कुठं अडकली नाही.

मग जानेवारीत एका सकाळी बाथरूमबाहेर जळका वास. गिझरचा 16 अँपिअरचा टॉप (प्लग) सॉकेटमधनं निघेना, फेजच्या बाजूला तपकिरी होऊन चिकटलेला. बोर्ड उघडला तर वायरचं लाल कव्हर स्क्रूपासून बोटभर मागं सरकलेलं, काळं पडलेलं, वाकवलं की टक्कन तडकायचं. गिझर 2 किलोवॅटचा, म्हणजे 9 अँपिअर पण नाही, 2.5 एमएमला हा लोड काहीच नाही. वायरच डुप्लिकेट असं धरून तुकडा घेऊन दुकानात गेलो, त्यानं कंपनीचा नंबर दिला, कंपनीनं बिल, फोटो, कॉइलचं लेबल सगळं मागितलं आणि नंतर तीन आठवडे फोनच नाही. त्या रागात एक स्टार देणार होतो.

दिला नाही ते बरं झालं. दुसरा वायरमन आला, त्यानं जळकं टोक माझ्या हातात दिलं, "काका, तारा मोजा." 2.5 एमएममध्ये 0.3 मिलिमीटर जाडीच्या 36 तारा असतात. स्क्रूखाली 23 निघाल्या. बाकीच्या सोलताना पकडीनं तुटलेल्या, आणि स्क्रू तर नुसत्या बोटानं फिरत होता. वीतभर मागं तीच वायर लालभडक, मऊ, कालच आणल्यासारखी. म्हणजे वायर तापलीच नव्हती, ढिला जोड तापत होता आणि तांब्यातनं ती उष्णता कव्हरला लागत होती.

पण 250 डिग्रीचं मला अजून पटलेलं नाही. एफआर म्हणजे आग वायरवरनं पुढं पसरू नये, एलएस म्हणजे धूर कमी. जास्त उष्णता सोसणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हीतलं साधं पीव्हीसी रोजच्या वापरात 70 डिग्रीपर्यंतच, 85 पाहिजे तर एचआर (उष्णता सोसणारी) म्हणून वेगळी मागावी लागते. 250 हा कव्हरच्या आगीच्या टेस्टमधला आकडा, त्याच्या खाली साध्या हवेत ते आपणहून पेटतं राहत नाही एवढाच अर्थ. तीनशे रुपये वाया गेले असं म्हणत नाही, बाथरूमला लागून आईची खोली आहे, तिथं धूर कमीच पाहिजे. पण जे नाही ते सांगून विकायचं कशाला?

वायरला चार स्टार. कापलेला एक कंपनीच्या सर्व्हिसचा.

जळका भाग कापून, टोकाला पिन लग (सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून नवीन सॉकेट बसवलं. मग त्या दुसऱ्या वायरमनकडनं घरातले सगळे 16 अँपिअरचे पॉइंट उघडून घेतले, किचनमधला पण एक स्क्रू ढिलाच निघाला.