पहिली एलपी कुठली घ्यावी: 'गिव्ह अप' की 'द बोन्स ऑफ व्हॉट यू बिलीव्ह'?

फोनवर दोन्ही अल्बम ऐकून झाले आहेत, आता एकाची एलपी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर वाजवायची मोठी तबकडी, घरात आणायची आहे, तर कुठली आणू? ठाण्यातल्या आमच्या गाणीवेड्या गोतावळ्यात हा प्रश्न वरचेवर निघतो. एकीकडे द पोस्टल सर्व्हिसचा २००३चा 'गिव्ह अप', दुसरीकडे चर्चेसचा २०१३चा 'द बोन्स ऑफ व्हॉट यू बिलीव्ह'. दोन्ही त्या त्या बँडचे पहिलेच अल्बम आणि दोन्ही इलेक्ट्रॉनिक पॉप. बाहेरून येणारी एलपी काही स्वस्त नसते, त्यामुळे 'दोन्ही घे की' हा सल्ला द्यायला सोपा, पण खिशाला झेपणारा नाही. मी या दोनांतून एक निवडली, ती का ते सांगतो. दोन्ही अल्बम मला मनापासून आवडतात, हे आधीच नमूद करून ठेवतो.

'गिव्ह अप' कसा तयार झाला ते बहुतेकांना ठाऊक असेल. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमध्ये बीट आणि सिंथचा (सिंथेसायझरचा) सांगाडा बांधून टपालाने पाठवायचा, बेन गिबर्ड सिएटलमध्ये त्यावर चाल आणि शब्द चढवून परत धाडायचा. बँडचं नाव त्यातूनच आलं; पुढे अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावर हरकत घेतली आणि शेवटी तडजोड झाली. हा किस्सा सगळेच कौतुकाने सांगतात. मला मात्र त्या पद्धतीचा गाण्यांवर झालेला परिणाम जास्त मोलाचा वाटतो. संगीत आधी ठरलेलं, गाणारा मागून आलेला. म्हणून गिबर्ड बीटशी झटापट करत नाही, मोकळी जागा सापडेल तिथे हलकेच शब्द ठेवतो. चर्चेसचं याच्या उलट. ग्लासगोमधल्या तळघरातल्या स्टुडिओत तिघं एकत्र बसून थरावर थर रचत गेले आणि ध्रुवपदाला पोचेपर्यंत सगळी जागा भरून टाकली. रिच कॉस्टीच्या मिक्सिंगने, म्हणजे सगळे थर एकमेकांत जुळवण्याच्या कामाने, तो भरलेपणा आणखी चकचकीत झाला. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं मला म्हणायचं नाही. पण नेमका हाच फरक पुढे माझ्या घरात कळीचा ठरला.

आधी लोक काय म्हणतात ते बघू. चर्चेसबद्दल मतं फुटतात ती त्यांची गायिका लॉरेन मेबेरी हिच्या आवाजावरून. कोपरखैरण्याला राहणारा माझा मावसभाऊ त्या आवाजासाठी जीव टाकतो. त्याचं म्हणणं, गळा कोवळा आणि शब्द मात्र धारदार. गोड चालीत ती समोरच्याला सरळ धमकावते, आणि हे आपल्याला दुसऱ्यांदा ऐकताना कळतं. हे अगदी खरं आहे. ऐरोलीच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना तोच आवाज चार गाण्यांनंतर टोचायला लागतो. दुसरा वाद तिघांतल्याच मार्टिन डोहर्टीच्या दोन गाण्यांचा. बारापैकी सहावं आणि बारावं तो गातो. काहींना तो विसावा वाटतो, काहींना रसभंग. मी विसावा म्हणणाऱ्यांतला आहे. विशेषतः बारावं गाणं संथ आहे, आणि इतक्या धावपळीनंतर ते हवंच होतं असं मला वाटतं.

'गिव्ह अप'वरचे आक्षेप वेगळे. आवाज पातळ आहे, ड्रम मशीनची टिकटिक आता जुनी वाटते, सगळं जरा झोपाळू आहे, असं विशेषतः तरुण मंडळी म्हणतात. आणि दहावं गाणं! बहुतेक भाग वाद्यांचाच, खरखरीत, वेगवान, आणि शब्द येतात ते पार शेवटाला. आधीच्या नऊ गाण्यांच्या मूडशी त्याचं काय नातं, हे मला आजही पुरतं उमगलेलं नाही. पातळपणाच्या तक्रारीतही तथ्य आहे. चौथं गाणं मात्र अशा माणसाला आवर्जून ऐकवावं. प्रेम संपल्यावर तो अजून गयावया करतो आहे आणि ती, म्हणजे जेन वुड, त्याला शांतपणे वस्तुस्थिती सांगते आहे. एकही वाद्य चढत नाही, तरी भांडणातला प्रत्येक सल पोचतो.

लोकलमध्ये ऐकायचं असेल तर प्रश्नच मिटला, चर्चेस घ्या. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी सुटली की डोक्यावर पंख्यांचा घरघराट, उघड्या दारातून येणारा वारा आणि रुळांचा खडखडाट. त्यात गिबर्डचे शब्द दिघा गावापर्यंतही तग धरत नाहीत. चर्चेस मात्र रबाळे, घणसोली, तुर्भे असं करत वाशीपर्यंत सगळ्या गोंगाटावर मात करून कानात ठाम उभा राहतो. सकाळी कामाला जाताना अंगात जी तरतरी लागते, ती या अल्बमइतकी मला दुसऱ्या कशातून क्वचितच मिळाली असेल.

पण एलपी काही लोकलमध्ये वाजत नाही. ती घरी वाजते, आणि माझ्या घरी रात्री.

जेवणं उरकली, पोरं झोपली, की मग तबकडी लावायची सवड. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, पलीकडे त्यांची लहान मुलगी निजलेली. म्हणजे आवाज ठेवायचा तो समोरासमोर बसून बोलतो तेवढा, किंवा त्याहूनही कमी. चर्चेसचं माझ्याशी बिनसलं ते इथे. त्यांचं पहिलं गाणं माणसाच्या आवाजाच्या कापलेल्या तुकड्यांनी सुरू होतं, मग खालून बेस आणि ठोका येऊन त्यांना उचलून धरतात. मोठ्या आवाजात हा क्षण अंगावर काटा आणतो. हळू आवाजात मात्र खालचं सगळं विरून जातं. उरतात ते फक्त तुकडे, वरच्या पट्टीतले सिंथ आणि वरच्या पट्टीतला गळा. ते कानाला बारीक बोचत राहतं. बेस सापडावा म्हणून आवाज दोन रेघा वाढवला, की तो भिंतीतून पलीकडे जातो आणि बायको दारातून नुसती बघते. पुन्हा कमी केला, की पुन्हा बोचणं सुरू. अल्बम संपेपर्यंत माझा हात व्हॉल्यूमच्या खटक्यावरून हलत नाही, आणि गाण्यात जीव रमायचा तो राहूनच जातो.

यात दोष रेकॉर्डचा नाही, आपल्या कानाचा आहे. आवाज कमी झाला की माणसाला खालचे सूर वरच्यांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये ते मोजून दाखवलं होतं. जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं ते याच कारणासाठी: आवाज कमी असताना ते बेस वाढवून देतं. तुमच्याकडे ते असेल तर माझी तक्रार कदाचित निम्मी उरेल. माझ्या साध्या अँप्लिफायरवर ते नाही.

'गिव्ह अप'ला हा त्रास फारसा होत नाही. त्यातही बेस आहे, पण गाणं त्याच्या खांद्यावर उभं नाही. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला बारीक टिपटिप सूर एका स्पीकरमधून दुसऱ्याकडे उड्या मारत जातात. कुजबुजीइतक्या आवाजातही ते डावीकडून उजवीकडे जाताना स्पष्ट कळतात, आणि मग गिबर्ड जणू आपल्याच खुर्चीशेजारी बसून बोलायला लागतो. पाचव्यात विमानातला प्रवास आहे, सातव्यात भयंकर काहीतरी घडून गेल्यानंतर घरात कोंडून बसलेली माणसं आहेत. हळू आवाजात यातला शब्दही सांडत नाही. तो पातळ आवाज, ज्याबद्दल लोक नाकं मुरडतात, तोच रात्री अकराला उपयोगी पडतो.

शिवाय आपल्यापैकी पुष्कळांचे कान भावगीतांवर वाढलेले आहेत, हेही मला महत्त्वाचं वाटतं. घरात रेडिओ मंद लावलेला, वाद्यं मोजकी, गाणारा शब्द पुढे करून स्वतः मागे थांबलेला. माझ्या आईला इंग्रजी गाण्यांचं काहीच कौतुक नाही, पण 'गिव्ह अप' चालू असताना ती मुद्दाम बाहेर येऊन बसते आणि 'हा काय सांगतोय?' असं विचारते. चर्चेस लावल्यावर तिने असं कधी विचारलेलं नाही. यावरून अल्बमचा दर्जा ठरतो असं मी म्हणणार नाही. पण घरातल्या इतरांच्या कानावरही जी पडणार, ती वस्तू निवडताना मला हे विचारात घ्यावंसं वाटलं.

चर्चेसच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे आणि तो डावलणं बरोबर होणार नाही. त्यांच्याकडे पुढची वाट आहे. २०१५, २०१८ आणि २०२१ असे आणखी तीन अल्बम आले. पहिला आवडला तर मागोवा घेत जाता येतं, बँड वाढताना ऐकता येतो. पोस्टल सर्व्हिसचा स्टुडिओ अल्बम हा एकच. अधूनमधून ते दौऱ्यासाठी एकत्र आले, दुसरा अल्बम काही केला नाही. संग्रह वाढवत न्यायची हौस असेल, खोली स्वतंत्र असेल, किंवा दुपारी एकट्याने दणदणीत लावायची मोकळीक असेल, तर माझं ऐकू नका, चर्चेसच घ्या. मावसभावाने तीच घेतली, तो दिवसा वाजवतो आणि खूश आहे. त्याच्याकडे गेलो की मीही तीच लावायला सांगतो.

बाकी, ठाणे-नवी मुंबईतल्या दोन बीएचकेत राहून रात्री ऐकणाऱ्या माणसाला मी 'गिव्ह अप'कडेच वळवेन. घेताना साधी, दहा गाण्यांची आवृत्ती पुरे. २०१३मध्ये दशकपूर्तीची मोठी आवृत्ती निघाली, तिच्यात जास्तीची गाणी आहेत. ती चांगली असली तरी पहिल्या खरेदीत त्यांच्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. दहावं गाणं अगदीच सोसेना तर नवव्यानंतर सुई उचला. ते शेवटीच असल्यामुळे मधे काही तुटत नाही.