गावात कोलाजेनची पावडर विकायला आले तर आधी हे वाचा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात केस गळण्याची भीती अजून ताजी आहे. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) शास्त्रज्ञ नमुने घेऊन गेले. त्याच भीतीवर आता धंदा सुरू आहे.

माझ्या वहिनीचे केस बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी पुंजक्यापुंजक्याने जाऊ लागले. बचत गटाच्या बैठकीत दोघं जण आले. मोबाइलला भिंग लावून बायांची टाळू दाखवली आणि सगळ्यांना एकच निदान सांगितलं: कोलाजेन, म्हणजे कातडी-हाडांतलं प्रथिन, संपलं. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते. एक डबा १,८०० रुपयांना, 'आयुर्वेदिक, शुद्ध शाकाहारी' म्हणून. बिल नाही.

मी माहेरी गेले तेव्हा डबा उलटून पाहिला. कोपऱ्यात मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, घटकांत मासळीचं कोलाजेन. वहिनी माळकरी आहे. "गयात तुयशीची माय हाये, अन् मी मासोयी पेली ना बाई!" म्हणून ती रडली. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं.

वनस्पतींत कोलाजेन नसतंच. ते जनावरांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांपासून काढतात. केस मात्र केराटिन या वेगळ्याच प्रथिनाचे. खाल्लेलं कोलाजेन पचून त्याची अमिनो आम्लं (प्रथिनांचे मूळ घटक) आणि बारीक तुकडे होतात, ते केसांच्या मुळांशीच पोचतील याची हमी नाही. विकणाऱ्यांच्या पत्रकात 'विज्ञानाने सिद्ध' लिहिलं होतं, पण खाली दिलेले अभ्यास त्वचेच्या ओलाव्याचे आणि सुरकुत्यांचे! केसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान. त्यातही बऱ्याचदा पावडरीत जीवनसत्त्वं मिसळलेली असतात, मग गुण कशाचा हे कसं ठरवणार?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप थांबते. विकणारेही 'तीन-चार महिन्यांत फरक दिसेल' म्हणतात ते म्हणूनच, श्रेय डब्याला मिळतं. वहिनीचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या तिथेच फुकट मिळाल्या.

डब्यावरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक म्हणजे विकायचा परवाना, गुणाचा दाखला नव्हे. तुम्हीही घेतला असेल तर डबा आणि पत्रक फेकू नका, ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याची नोंद जपा, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आम्ही केली आहे.