दोघांत एक फ्लाय रॉड: पुण्यातल्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

फ्लाय फिशिंगचा (पिसं-लोकर बांधलेल्या हलक्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासे धरायचा) संच असा: नऊ फुटी, चार तुकड्यांचा कार्बन रॉड, ६ नंबरचा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं डिस्क ड्रॅगचं (मासा लाइन ओढतो तेव्हा आवरणाऱ्या ब्रेकचं) रीळ, त्यावर २० पौंडी डॅक्रॉन बॅकिंग (लाइनच्या खाली गुंडाळायची जादा दोरी). डब्ल्यूएफ-६-एफ लाइन, म्हणजे पुढच्या भागात जाड, ६ नंबरची, तरंगणारी. दोन तयार लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता तंगूस) आणि कापडाने मढवलेली नळी. सगळं मिळून ऑनलाइन ९,४०० रुपये. ऑक्टोबर ते मे, ४१ फेऱ्या, बहुतेक पुण्यातल्या नदीच्या घाटांवर आणि शहरालगतच्या तळ्यांवर. वापरणारे दोघे, रॉड एकच. मासे मुख्यतः चिलापी (तिलापिया), त्याखालोखाल सायप्रिनस (कॉमन कार्प), क्वचित रोहू. ब्रँडचं नाव देण्यात अर्थ नाही. हाच रॉड तीन-चार नावांनी विकायला आहे, रंग तेवढा बदलतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. रॉड पैसे वसूल, रीळ चालून जातं, लाइन टाकाऊ. आणि शहरात हा छंद करायचा असेल तर दुसरा रॉड घ्यायच्या आधी दुसरा माणूस शोधा. का, ते पुढे येईलच.

लाइनपासून सुरुवात करू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. फेकायची असते ती लाइन. फ्लाय तिच्या शेपटीला बांधून जाते. म्हणून रॉडवर लिहिलेला नंबर हा खरं तर लाइनच्या वजनाचा नंबर. कोष्टक साधं आहे: टोकाची सरळ वीतभर सोडून पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे ९.१४ मीटरचं वजन. ६ नंबरला १६० ग्रेन, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम. ७ नंबरला १८५ ग्रेन, १२ ग्रॅम. संचातली लाइन पहिल्या दिवसापासून जड वाटत होती. रॉड लांबच्या फेकीला कमरेतून वाकायचा आणि लूप (हवेत लाइनचा होणारा वळसा) उघडाच राहायचा. शेवटी ती दागिन्यांच्या छोट्या काट्यावर ठेवली. वाटी ठेवून काटा शून्य करायचा, ९.१४ मीटरवर चिकटपट्टीची खूण करून तेवढीच लाइन वाटीत गुंडाळायची, उरलेली काट्याच्याच उंचीवर हातात धरायची, म्हणजे तिचा भार येत नाही. वजन भरलं ११.८ ग्रॅम. डबीवर ६, आत ७. गंमत म्हणजे आठ मीटरच्या आत, विशेषतः रोल कास्टला (लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे उलगडायची फेक), हीच जड लाइन बरी पडते. मऊ रॉड चटकन वाकतो. नवशिक्याला म्हणूनच पहिल्या दिवशी ती आवडते. बारा मीटरच्या पुढे मात्र हाताला शिक्षा.

दुसरा दोष उन्हाचा. ही लाइन थंड पाण्यासाठी बनवलेली, मऊ गाभ्याची. मार्चनंतर घाटाच्या तापलेल्या दगडावर तिचं पीव्हीसीचं आवरण चिकट होतं, रिंगांमधून सरकत नाही, ओले नूडल्स धरल्यासारखी हाताला लागते. एप्रिलमध्ये तिच्या जागी कडक गाभ्याची, उष्ण हवेसाठीची ६ नंबरची लाइन आणली, ४,६०० रुपये. संचाच्या निम्म्या किमतीची लाइन म्हटल्यावर घरात भुवया उंचावतात, पण याच रॉडचं वागणं त्या दिवशी बदललं. तिचीही एक खोड आहे. थंड पाण्यात अशी लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी धरते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तिच्याकडून फार अपेक्षा नको. उपाय दोघांचा: एकाने टोक धरून पंधरा मीटर चालत जायचं, दोघांनी हळूहळू ताण देऊन दहा सेकंद धरून ठेवायचं. झाडाला बांधूनही होतं, पण साल घासून लाइनला ओरखडे पडतात.

डासांच्या क्रीमबद्दलही इथेच. संध्याकाळी घाटावर तिच्याशिवाय बसता येत नाही, पण डीट हे रसायन असलेली क्रीम पीव्हीसी विरघळवते. तळहाताला लागलेली क्रीम लाइनवर गेली की त्या जागी थर मऊ पडून पुढे चिरा जातात. त्यामुळे क्रीम एकाने दुसऱ्याच्या मानेला आणि हातांच्या मागच्या बाजूला लावायची; ज्याच्या हातात रॉड आहे त्याने क्रीमच्या नळीला हात लावायचाच नाही.

रॉडचे जोड आठ महिन्यांनंतरही घट्ट आहेत. दर पाच-सहा फेऱ्यांनी नर (आत जाणाऱ्या) बाजूला पांढरी मेणबत्ती घासायची आणि जोडताना पाव वळसा देऊन ठिपके एका रेषेत आणायचे. मेण नसेल तर जोड फेकता फेकता सैल होतो आणि मग तिथेच रॉड चिरतो. उलट जोड अडकून बसला तर एकट्याने पिळायला जाऊ नका. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकाने एक हात जोडाच्या वर आणि एक हात खाली ठेवायचा, आणि सरळ रेषेत ओढायचं. चार हातांमुळे ओढ वाकडी होत नाही. रिंगा धरून पिळल्या तर त्यांचे पाय सुटतात. मुठीच्या कॉर्कमधला भराव तिसऱ्या महिन्यात गळायला लागला. कॉर्कचा भुसा आणि पाणी सोसणारा फेव्हिकॉल एकत्र करून भरला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला. अजून टिकून आहे.

रिळाबद्दल थोडक्यात. ड्रॅग एकाच दिशेला चालतो. दोघांपैकी एक डाव्या हाताने गुंडाळणारा आणि एक उजव्या, असं असेल तर आतलं एकदिशा बेअरिंग उलटं करून सगळी लाइन पुन्हा भरावी लागते. त्यावरून वाद घालू नका. शहरातल्या पाण्यातला मासा जवळजवळ नेहमी हातानेच लाइन ओढून घेतला जातो. रीळ म्हणजे लाइन ठेवायची डबी. तीन किलोच्या वरचा सायप्रिनस लागला तरच ड्रॅगची परीक्षा होते, आणि तिथे हे रीळ सुरुवातीला हिसका देतं.

आता दुसऱ्या माणसाचं काम. घाटाच्या खालच्या पायरीवर उभा असलेल्याला पाण्यावरची चकाकी दिसते, मासा नाही. सहा-सात पायऱ्या वर, पोलराइज्ड चष्मा लावून बसलेल्याला मात्र सायप्रिनस तळ उकरताना उठणारा गाळाचा ढगही दिसतो. त्याने घड्याळ सांगायचं: समोर बारा, उजवीकडे तीन. "अकरा, सात मीटर, डावीकडे तोंड." फेकणाऱ्याने माशाच्या तोंडापुढे हातभर आणि थोडं पलीकडे फ्लाय टाकायची, वरच्या वर ओढत त्याच्या वाटेवर आणायची आणि बुडू द्यायची. सायप्रिनस फ्लाय ओढत नाही, शोषून घेतो आणि दोन सेकंदांत थुंकतो. हाताला काहीच कळत नाही. वरच्याने "घेतली" म्हटलं की रॉड न उचलता लाइन ओढायची. रॉड उचलला आणि माशाने घेतलेली नसली, तर फ्लाय पाण्यातून उडते आणि पूर्ण थवा पळतो. एकट्याने गेलेल्या सहा फेऱ्यांत एकही सायप्रिनस लागला नाही. बाकी ३५ फेऱ्यांत नऊ लागले, आणि नऊच्या नऊ वेळा वरून आवाज आलेला होता.

वरच्या माणसाची दुसरी नजर मागे असते. बॅक कास्ट (पुढे फेकण्याआधी लाइन मागे उडवणं) मागे बारा-पंधरा मीटर जातो, आणि घाटावर त्या पट्ट्यात फिरायला आलेले आजोबा, कुत्री, दशक्रियेला आलेली मंडळी, कोणीही असू शकतं. एकच शब्द ठरवून ठेवा. "थांब" ऐकलं की लाइन जिथे असेल तिथेच पडू द्यायची, वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. पुलाखाली किंवा काठाने विजेच्या तारा असतील तिथे रॉड जोडायचाच नाही. कार्बनमधून वीज वाहते. बाकी ठिकाणी जागा कमी असेल तर रोल कास्ट. या रॉडने नऊ-दहा मीटर आरामात जातो, आणि चिलापीला तेवढं पुरतं.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा नेहमी पकडीने दाबून सपाट करा. माशासाठी तर कराच, पण माणसासाठी आधी. गळ हातात घुसलाच तर मित्राचं काम: गळाच्या बाकात जाड तंगूसाचा फास अडकवायचा, गळाच्या भोकाकडची दांडी बोटाने त्वचेवर दाबून धरायची आणि फास दांडीला समांतर एका झटक्यात मागे ओढायचा. डोळ्याजवळ, गळ्याजवळ किंवा सांध्यात घुसला असेल तर हात लावायचा नाही, सरळ दवाखाना. दोन्ही बाबतींत धनुर्वाताचं इंजेक्शन.

लाइन पायाशी सोडली की सिमेंटवर घासते, जलपर्णीत अडकते आणि नेमकी चपलेखाली येते. ४० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा धुण्याचा टब, त्याच्या तळातून वर उभे काढलेले आठ केबल टाय आणि कमरेला जुना पट्टा, एवढ्यात लाइन ठेवायची टोपली तयार होते. केबल टाय लाइनचे वेढे एकमेकांत अडकू देत नाहीत. विकतची टोपली दोन हजारांना आहे, ही दोनशेत.

संचातले लीडर दोन महिन्यांत संपले. नंतरचे सगळे बाजारातल्या तंगूसाचे: ०.५० मिमी ९० सेंटिमीटर, ०.४५ चे ५०, ०.४० चे ३५, ०.३५ चे २५, ०.३० चे २० आणि शेवटी ०.२५ चे ५०. बेरीज २७० सेंटिमीटर, नऊ फुटांना जरा कमी. जाडी प्रत्येक वेळी ०.०५ नेच उतरवा, जास्त उतरवली तर ब्लड नॉट (दोन तंगूस जोडायची गाठ) सरकते. गाठ आवळण्याआधी ओली करायची असते आणि सगळे ती तोंडात धरतात. मुळा-मुठेच्या काठी हे अजिबात करू नका. साध्या पाण्याची छोटी फवारणीची बाटली खिशात ठेवा आणि टोक नेलकटरने कापा, दाताने नाही.

फ्लाय दोनच जातींच्या पुरल्या. जिथे लोक माशांना चुरमुरे टाकतात तिथे पांढऱ्या फोम शीटची, ८ नंबरच्या गळावर, एक सेंटिमीटर लांब. फोम गळाच्या पाठीवरच बांधा. पोटाकडे उतरला की गळाचं तोंड भरून जातं, मासा फ्लाय घेतो आणि लागत नाही; पहिल्या डझनातल्या सगळ्या अशाच वाया गेल्या. दुसरी तळाची: १० नंबरचा जाड तारेचा गळ, तीन मिलिमीटरचा पितळी मणी, गंजाच्या रंगाची लोकर, वर कोंबडीच्या पिसाचे दोन वेढे. मणी बोहरी आळीत किलोवर मिळतात, फक्त भोक गळावरून जाईल एवढं आहे का ते तिथेच पाहा. बारीक तारेचे ट्राउटचे गळ घेऊ नका, सायप्रिनस ते सरळ करून देतो.

पाणी सांडपाण्याचं आहे हे विसरून चालत नाही. पाण्यात उतरायचं नाही, पायात गमबूट, हाताला जखम असेल तर त्या दिवशी फक्त वर बसायचं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) ही ऐकीव भीती नाही. मासा खायचा नाही, रबरी जाळ्यात घेऊन पाण्यातच सोडायचा. मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी ठेवून दिसले तर पाण्यात प्राणवायू संपलेला असतो. तेव्हा पकडलेला मासा सोडला तरी मरतो, परत जा. खडकवासल्यातून विसर्ग चालू असेल तर नदीपात्रात पाऊल नको. तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. देहूचा डोह आणि महाडजवळचं वाळणकोंड इथे मासे देवाचे आहेत, तिथे नळी उघडूच नका. घरी आल्यावर लाइन कोमट पाण्यात सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी धुवायची, जुन्या बनियनने पुसायची. ओला रॉड नळीत बंद केला तर वार्निशला फोड येतात.

शेवटी मोडतोडीचा हिशेब. सहाव्या महिन्यात रॉडचा शेंडा टोकापासून नऊ सेंटिमीटरवर तुटला, साध्या फेकीत, मासा नसताना. असं तुटणं म्हणजे आधी कधीतरी मणी कार्बनवर आपटलेला असतो. तेव्हा केसाएवढी चीर पडते, आवाजही येतो, आणि रॉड आठवड्याने मोडतो. एका रॉडवर दोन माणसं असली की हा "टक" आवाज लपवला जातो, कारण ज्याच्या हातात होता त्याने भरायचं असा हिशेब मनात असतो. म्हणून नियम बदलला: मोडेल ते अर्धं-अर्धं, कोणाच्याही हातात असो, पण टक ऐकू आला की लगेच सांगायचं आणि तो तुकडा बोटाखाली हळू वाकवून पाहायचा. पाळीही ठरवली, एक मासा किंवा दोन हातचे निसटलेले मासे, मग रॉड दुसऱ्याकडे.

शेंडा दुरुस्त झाला. जुनी टोकाची रिंग मेणबत्तीवर हळू तापवून काढली, तुटलेलं टोक सपाट घासलं, एक माप मोठी रिंग हॉट ग्लूने बसवली. ही मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात, त्यामुळे शेंड्याची जाडी मोजायला व्हर्नियर लागतो. एपॉक्सी वापरू नका, पुढच्या वेळी निघणार नाही. रॉड आता जरा ताठ झालाय आणि नवी लाइन त्याला आधीपेक्षा बरी मानवते. सुटा शेंडा १,८०० रुपयांना मागवून ठेवलाय, तो अजून पाकिटातच आहे.