उद्धट, उर्मट, तुसडा की फटकळ: कुठे कोणता शब्द?

पणजी-म्हापसा बस. पन्नाशीचा कंडक्टर कोंकणीत "फाटीं वच, फाटीं वच" (मागे जा) करत माणसं आत रेटतोय. एक म्हातारी पाचशेची नोट पुढे करते. "सुटे नसतील तर खाली उतर," तो म्हणतो. शेजारचा कॉलेजकुमार त्याला सुनावतो, "बस तुझ्या बापाची काय रे?" खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांकडे म्हातारी सुटे मागते, तर ते मानही न वळवता "मला विचारू नका" म्हणून मोकळे. शेवटी तीच कंडक्टरला आणि पोराला एकदम ऐकवते, "घरात कोणी बोलायला शिकवलं नाही वाटतं!"

इंग्रजीत चौघांनाही 'रूड' म्हणून भागेल. मराठीत प्रत्येकाला वेगळं विशेषण लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ उद्धट आणि उर्मट यांत होतो. शब्द निवडताना बोलणारा समोरच्यापेक्षा वर आहे की खाली, ते पाहावं. मान राखायला हवा तिथे तो न राखणारा उद्धट: बापाला उलट बोलणारा मुलगा, मास्तरांना "मग काय झालं?" विचारणारा विद्यार्थी, आपला कॉलेजकुमार. उर्मटपणात ताठा असतो. हातात चार पैसे, खुर्ची किंवा तिकिटांचं यंत्र आलं की जो चढतो तो. म्हणून इथे कंडक्टर उर्मट. ही रेघ काही दगडावरची नाही. 'उद्धट अधिकारी' असंही लिहितात आणि ते चूक नाही. पण पाच वर्षांच्या पोराला उर्मट म्हटलं तर कानाला खटकतं. ते उद्धट, फार तर आगाऊ.

खिडकीतले गृहस्थ तुसडे. त्यांनी अपमान केला नाही, फक्त माणसाला झटकलं. आवाज चढलेला असेल तर तुसडा हा शब्द सहसा बसत नाही.

म्हातारी फटकळ. मनात येईल ते तोंडावर बोलणारी, पण डूख न धरणारी. ओळखायची सोपी युक्ती आहे: वाक्यापुढे 'पण मनाची चांगली' जोडून बघा. 'फटकळ आहे, पण मनाची चांगली' सहज बोललं जातं. 'उर्मट आहे, पण मनाची चांगली' म्हणताना जीभ अडखळते. गोव्यात मात्र एक खाचखळगा आहे. कोंकणीत फट म्हणजे खोटं आणि फटकिरो म्हणजे खोटारडा. घरी कोंकणी बोलणाऱ्या माणसाला मराठीत कौतुकाने 'फटकळ' म्हणाल, तर त्याचा चेहरा उतरू शकतो. तिथे 'स्पष्टवक्ता' बरा.

चूक दाखवूनही "जा, करा तक्रार" म्हणणारा मुजोर. गर्वाने फुगलेला मग्रूर. कसलाच धरबंध न मानणारा उद्दाम. हा शब्द अग्रलेखात शोभतो, स्वयंपाकघरात नाही.

दोन शब्द दुहेरी आहेत. 'आगाऊ रक्कम' म्हणजे आधी दिलेले पैसे, 'आगाऊ मुलगा' म्हणजे नको तिथे पुढे पुढे करणारा. 'शिष्ट'ची गंमत त्याहून मोठी. शिष्टाचारात आणि शिष्टमंडळात तो सभ्य असतो, आणि 'ती जरा शिष्टच आहे' म्हटलं की नाक वर करून चालणारी बाई उभी राहते. प्रशंसापत्रात हा शब्द टाळलेलाच चांगला.

आता वाक्यात बसवताना. उद्धट, उर्मट, फटकळ, मुजोर लिंग-वचनाने बदलत नाहीत: उद्धट मुलगा, उद्धट मुली, उद्धट मुलांना. तुसडा बदलतो: तुसडी बाई, तुसडे लोक, तुसड्या माणसाला. आदरार्थी बोलायचं तर 'ते गृहस्थ तुसडे आहेत'. 'कमालीचा उर्मट' म्हणताना 'कमालीचा'कडे लक्ष द्या. बाईसाठी ते 'कमालीची उर्मट' होतं.

इंग्रजी माध्यमातून आलेल्यांची हमखास चूक म्हणजे 'तो माझ्याशी उद्धट होता'. मराठीत 'तो माझ्याशी उद्धटपणे बोलला' किंवा 'वागला' हवं. 'तो उद्धट आहे' म्हटलं की तो एका प्रसंगाचा राहत नाही, त्याचा स्वभावच तसा ठरतो. नामं करताना उद्धटपणा, उर्मटपणा, तुसडेपणा. पण मुजोरी आणि मग्रुरी. मग्रूरमधला दीर्घ 'ग्रू' मग्रुरीत ऱ्हस्व होतो.

टंकताना 'उध्दट' होतं, ते चूक. आधी द, मग हलन्त, मग ध: उद्धट, जसं शुद्ध, युद्ध, उद्धव.

बसविषयी तक्रार लिहायची असेल, तर विशेषण माणसाला न लावता कृतीला लावा. 'वाहक उर्मट आहे' हे तुमचं मत झालं. 'वाहकाने उर्मट उत्तर दिले' यापुढे तारीख, वेळ, बसचा क्रमांक आणि त्याचे शब्द आले की चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं. ते शब्द कोंकणीत असतील तर कोंकणीतच लिहा. गोव्यातल्या पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांनाही 'तूं' म्हणतात, त्यामुळे 'फाटीं वच' एवढ्यावरून कोणी उद्धट ठरत नाही. त्याचं 'मागे हो' असं भाषांतर करून दिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की माणूस थेट एकेरीवर आला. 'सुटे नसतील तर खाली उतर' यात मात्र दोष त्या एकेरीचा नाही. 'उतरा' म्हटलं असतं तरी उत्तर उर्मटच राहिलं असतं.