ग्रेडेड कॅल्शियम कार्बोनेट, २५ किलोची बॅग: मड लॉससाठी घ्यावं का?

पाचपैकी चार स्टार देतोय. एक कापला तो मालासाठी नाही, बॅगेवर छापलेल्या नंबरासाठी कापलाय, ते खाली सांगतोच.

मी मड इंजिनियर आहे, मुंबई ऑफशोअरला जॅक-अप रिगवर असतो, आणि आपल्याकडे खाली चुनखडी असल्यामुळे मड लॉस हा विषय कधी सुटत नाही, त्यामुळे हा माल माझ्या हाताखालून टनाटनाने गेलाय. लाईनीत नवीन असाल तर थोडक्यात: मड म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव, तो पाईपमधून खाली जातो, बिटमधून (खडक फोडणाऱ्या टोकातून) बाहेर पडतो आणि ऍन्युलसमधून, म्हणजे पाईप आणि विहिरीची भिंत यांच्यामधल्या जागेतून, कटिंग (फोडलेल्या दगडाचे तुकडे) घेऊन वर येतो, पण वाटेत भेगा किंवा पोकळ्या लागल्या की वर यायचं सोडून तिकडेच शिरतो. तासाला १० बॅरलपर्यंत गेला तर सीपेज, १० ते १०० पार्शल, त्याच्यावर सिव्हियर, आणि फ्लोलाईनला (मड परत येतो त्या लाईनला) काहीच आलं नाही तर टोटल लॉस. कंपनीगणिक आकडे थोडे मागेपुढे होतात. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, म्हणजे तासाला १०० बॅरल म्हटलं की जवळजवळ १६ हजार लिटर मड गेला. पैसे जातात ते जातातच, पण खरी भीती वेगळी आहे, ऍन्युलसमधली लेव्हल उतरली की वरच्या थरावरचं प्रेशर कमी होतं आणि तिथे गॅस असेल तर तो विहिरीत यायला लागतो, म्हणजे खाली लॉस आणि वर किक दोन्ही एकाच वेळी. बसीनच्या ऑफशोअर फील्डकडच्या गॅसमध्ये एचटूएस हा विषारी वायू पण आहे, त्यामुळे तिथे हा विषय हलक्यात घेऊच नका.

मुंबई हायला १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने तेल शोधलं, तिथला मुख्य थर एल-थ्री, साधारण १३५० मीटरच्या आसपासची चुनखडी. इतकी वर्षं तेल काढून प्रेशर उतरलंय, आणि वरच्या शेलची भिंत धरून ठेवायला जेवढं मड वेट (मडची घनता) लागतं तेवढं खालच्या चुनखडीला सोसत नाही. मड वेट नुसतं अर्धा पाउंड पर गॅलन जास्त ठेवलं तरी १३५० मीटरवर साधारण ११५ पीएसआय जादा बसतात, आणि पंप चालू असताना ईसीडी (फिरत्या मडच्या घर्षणामुळे वाढलेलं भासणारं मड वेट) त्याच्यावर आणखी. त्यामुळे कुठलाही एलसीएम (लॉस थांबवायचा माल) विकत घेण्याआधी मड वेट, पंप रेट आणि पाईप खाली सोडायचा स्पीड हे तीन बघा, ते फुकट आहेत. ड्रिलरला सांगून ट्रिप (पाईप बाहेर काढणं-आत सोडणं) जरा सावकाश केली, ट्रिपनंतर पंप एकदम फुल न करता हळूहळू चढवला, होल नीट साफ ठेवलं, की अर्धे लॉस तिथेच टळतात असं माझं ठाम मत आहे.

आता मालाबद्दल. चांगला माल म्हणजे मार्बल दळून केलेली पावडर, फाईन, मीडियम, कोर्स अशा ग्रेडमध्ये. खडूसारखी मऊ असेल तर घेऊ नका, बिटच्या नोझलमधून दोनचार फेऱ्या झाल्या की तिचं पीठ होतं, मग भेग बुजवायला मोठा कण उरत नाही आणि नुसता मड घट्ट होत बसतो. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ऍसिडमध्ये विरघळतं. पे झोनमध्ये, म्हणजे तेल देणाऱ्या थरात, भेगा बुजवल्या, विहीर पूर्ण झाली, मग १५ टक्के हायड्रोक्लोरिक मारलं की बुजवलेलं मोकळं. मायका किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा यांना ही सोय नाही, ते एकदा प्रॉडक्शनच्या थरात गेले की गेले. मायका स्वस्त असतो म्हणून मागवणारे खूप बघितलेत, वरच्या सेक्शनला खुशाल वापरा, पण रिझर्व्हॉयरमध्ये टाकून नंतर विहीर कमी तेल देते म्हणून रडायचं याला अर्थ नाही.

वापरायची वेळ महत्त्वाची. लॉस सुरू झाल्यावर सॅक रूममध्ये बॅगा शोधत फिरणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. चुनखडीत शिरायच्या आधीच मडमध्ये बॅरलला १५-२० पाउंड फिरतं ठेवा, म्हणजे भेग उघडता उघडताच कण तोंडावर अडकतात. पण हिशोब करा, हा दगड आहे, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.७, ९ पाउंड पर गॅलनच्या मडमध्ये बॅरलला २० पाउंड टाकलं की मड वेट पाव पाउंडापेक्षा थोडं जास्तच वाढतं, आणि लॉस थांबवायला टाकलेल्या मालानेच लॉस वाढवला असं व्हायला नको, म्हणून बेस मड तेवढा हलका बनवून घ्या. आणि शेकर, म्हणजे वर आलेला मड चाळून कटिंग वेगळं करणारी मशीन! १७० नंबरची एपीआय जाळी लावून कोर्स ग्रेड फिरवणारे लोक आहेत, साधारण ९० मायक्रॉनच्या वरचा सगळा माल पहिल्याच फेरीत कटिंगबरोबर बाहेर, सगळी मेहनत पाण्यात. जाळी जाड लावा नाहीतर कोर्सचा स्वीप (थोड्या मडमध्ये कालवलेला डोस) वेगळा मारा.

ग्रेड कुठला घ्यायचा यावर अब्राम्सचा १९७७ चा नियम अजून चालतो, कणाचा मधला आकार छिद्राच्या किमान एक तृतीयांश तरी हवा. पण तो छिद्रांसाठी, भेगेसाठी मोठे कण लागतात, भेगेच्या रुंदीएवढे, आणि त्यांच्यामधल्या फटी बुजवायला बारीक. म्हणून एकच ग्रेड कधीच पुरत नाही, तिन्ही मिसळा.

आता तो कापलेला स्टार. एका सप्लायरकडून, नाव घेत नाही, फाईन आणि मीडियम असे दोन लॉट आले होते, बॅगा वेगळ्या, छपाई वेगळी, आत माल एकच. आम्हाला कळलं कारण आम्ही चाळून बघितलं. ते तुम्हीही करा, रिगवर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बॅगेवर डी-५० (कणांचा मधला आकार) १५० मायक्रॉन लिहिलं असेल तर १०० मेशच्या, म्हणजे १५० मायक्रॉनच्या, चाळणीवर निम्मा माल उरलाच पाहिजे. ती चाळणी नसेल तर सँड कंटेंटच्या (मडमधली वाळू मोजायच्या) किटमधली घ्या, ती २०० मेशची म्हणजे ७५ मायक्रॉनची, तिच्यावर तर निम्म्याहून बराच जास्त उरला पाहिजे. आमच्या त्या लॉटमधलं पाण्याखाली धरल्या धरल्या जवळपास सगळं दुधासारखं खाली वाहून गेलं, वर चिमूटभर राहिलं. दुसरी टेस्ट ऍसिडची: १० ग्रॅम पावडर बीकरमध्ये घ्या, १५ टक्के हायड्रोक्लोरिक १०० मिली हळूहळू ओता, गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालूनच, खळखळून फेस येतो, फेस बसला की फिल्टर पेपरवर गाळून उरलेला गाळ वाळवून वजन करा, अर्ध्या ग्रॅमच्या वर उरला तर मालात भेसळ आहे. फेस अगदी संथ येत असेल तर डोलोमाईट असण्याची शक्यता धरा, ते गार ऍसिडला लवकर दाद देत नाही. अजून एक, हा माल फिरत असताना सँड कंटेंट जास्त दिसतो, कंपनी मॅन (तेल कंपनीचा रिगवरचा माणूस) विचारायला लागतो, तेव्हा किटच्या नळीत उरलेल्यावर दोन थेंब ऍसिड टाका, विरघळलं ते कार्बोनेट, उरली ती वाळू.

पिल, म्हणजे लॉस झोनसाठी वेगळा बनवलेला दाट डोस, मारायची तर हिशोब असा: ५० बॅरल, बॅरलला ४० पाउंड, म्हणजे २००० पाउंड, ९०७ किलो, २५ किलोच्या ३६ बॅगा. हॉपरवर (मडमध्ये पावडर टाकायच्या जागी) दोन पोरं असतील तर बॅगा आधीच रचून ठेवा, कारण डेरिकमनचा फोन येतो "साहेब, पिट उतरतोय" (म्हणजे मडच्या टाकीची लेव्हल पडतेय) तेव्हा हाताशी वेळ नसतो. एमडब्ल्यूडी (ड्रिल करतानाच मोजमाप पाठवणारं टूल) वाल्याला टूलमधून किती आणि केवढा कण जाईल हे विचारल्याशिवाय पिल पंप करू नका, स्ट्रिंगमध्ये सर्क्युलेटिंग सब (मड टूलच्या वरूनच बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर काम खूप सोपं होतं. पिल लॉस झोनसमोर आली की पाईप वर ओढून थोडा वेळ बसू द्या, ट्रिप टँकवरून (विहीर भरायच्या छोट्या मोजणीच्या टाकीवरून) ऍन्युलस भरत राहा, आणि भरलेला प्रत्येक बॅरल लिहून ठेवा, कारण होल शांत आहे की गॅस आत येतोय हे त्याच आकड्यावरून कळतं.

कुठे चालत नाही तेही सांगतो. हात जाईल एवढी पोकळी असलेल्या चुनखडीत टोटल लॉस असेल तर कार्बोनेटच्या कितीही पिली मारा, उपयोग नाही. दोन पिलींत फरक पडला नाही तर थांबा आणि सिमेंट प्लग किंवा डिझेल-बेंटोनाईटच्या गंककडे वळा, किंवा परिस्थिती बघून समुद्राच्या पाण्याने ब्लाइंड ड्रिल (वर काही परत येत नसतानाच ड्रिलिंग) करून केसिंग खाली घ्या, अर्थात वर गॅसचा थर उघडा नसेल तरच.

आणि उरलेली पिल दुसऱ्या कामाला वापरू नका, हे मनापासून सांगतो. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीला एप्रिल २०१० मध्ये खालच्या सेक्शनमध्ये लॉस झाले होते, त्यासाठी बनवून ठेवलेला एलसीएम नंतर स्पेसर (दोन द्रव वेगळे ठेवणारा मधला द्रव) म्हणून निगेटिव्ह टेस्टच्या (प्रेशर मुद्दाम कमी करून विहीर गळते का बघायच्या टेस्टच्या) वेळी पंप केला. त्यानेच किल लाईन (वरून विहिरीत जाणारी बारीक लाईन) चोक होऊन प्रेशर चुकीचं दिसलं असावं ही शक्यता चौकशीत मांडली गेली. स्फोट होऊन ११ माणसं गेली तिथे. तो माल कार्बोनेट नव्हता, पण कुठलाही एलसीएम बारीक लाईनमध्ये बसतो.

पॅकिंगबद्दल: कागदी बॅग पावसाळ्यात नकोच. न्हावा बेसवरून बोटीने येईपर्यंत डेकवर पाणी लागतं, गठ्ठे होतात आणि हॉपरमध्ये अडकतात. आतून प्लास्टिक असलेली विणलेली बॅग मागा. जून ते सप्टेंबर बोट वेळेवर लागेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे चुनखडीचा सेक्शन त्या काळात येत असेल तर किमान तीन पिलींचा माल, तिन्ही ग्रेड मिळून, आधीच रिगवर चढवून घ्या, आणि प्रत्येक लॉटमधली एक बॅग फोडून चाळल्याशिवाय चलनावर सही करू नका.