आधी पाट बघा, मग मूर्ती: स्कायलँडर्स, आमीबो की लेगो डायमेन्शन्स?

माझी मावसबहीण न्यू जर्सीहून येते तेव्हा तिची एक बॅग माझ्या यादीसाठी असते. यंदा तिनेच आधी फोन केला. "ताई, इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात स्कायलँडर्सच्या बाहुल्या टोपलीभर पडल्यात. आणू का पिंट्यासाठी? की सरळ एखादा नवा आमीबो घेऊ?" पिंट्या नऊ वर्षांचा. घरात एक स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) आहे आणि दिरांचा जुना पीएस 3, म्हणजे प्लेस्टेशन. व्हिडिओ गेमला जोडायच्या या बाहुल्यांच्या नादात मी बरेच पैसे घालवलेत, त्यामुळे तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

तत्त्व सगळ्यांचं एकच. बाहुलीच्या बैठकीत एनएफसी चिप असते, म्हणजे अगदी जवळून बिनतारी वाचता येणारी. बॅटरी नसते, वाचणाऱ्या यंत्राजवळ नेली की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपण कोण ते सांगते. त्या यंत्राला आमच्याकडे 'पाट' म्हणतात, कारण बाहुली त्याच्यावर बसवायची. लोक मूर्ती बघून भुलतात आणि पाटाचा विचार घरी आल्यावर करतात. सगळा घोळ तिथेच होतो.

स्कायलँडर्सपासून सुरू करू, कारण 2011 साली या प्रकाराची लाट त्यांनीच आणली. पहिल्या खेळात 32 पात्रं आणि आठ तत्त्वं होती: अग्नी, जल, वायू, पृथ्वी वगैरे. गंमत अशी की तुमच्या पात्राने मिळवलेलं सोनं, शिकलेले डाव, डोक्यावरची टोपी, हे सगळं बाहुलीतच साठतं. पिंट्याने आपली बाहुली खिशात घालून मित्राकडे न्यावी, तिथे विई (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) का असेना, पात्र तेवढंच तरबेज उतरतं. पाटावर ठेवल्याक्षणी खालून प्रकाश पडतो आणि टीव्हीवर तोच गडी उडी मारून येतो. मुलांचे डोळे त्या वेळी बघावेत. याच मालिकेतल्या 2013च्या स्वॅप फोर्स या खेळात तर 16 बाहुल्यांची धडं आणि पाय अदलाबदल करून 256 जोड्या होत. खेळणं म्हणून मला अजून तेच सगळ्यात हुशार वाटतं.

लबाडीही इथेच आहे. खेळात ठिकठिकाणी दारं असतात आणि ती ठरावीक तत्त्वाच्या पात्रालाच उघडतात. सुरुवातीच्या खोक्यात तीनच बाहुल्या. मुख्य गोष्ट त्यांच्यावर पूर्ण होते, पण बंद दार बघून पोरगं गप्प बसेल अशी आशा कुणी करू नये.

आता पाट. एक्सबॉक्सचा पाट एक्सबॉक्सलाच चालतो. मी एकदा ऑनलाइन जुना पाट मागवला. फोटोत सगळे सारखेच दिसतात. आला तो एक्सबॉक्स 360चा, आणि आमच्या पीएस 3ने त्याला शेवटपर्यंत ओळख दाखवली नाही. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला; तो पाट आता कुंडीखाली आहे. शिवाय पीएस 3 आणि विईचा पहिला पाट बिनतारी होता, सोबत कन्सोलला लावायचा यूएसबीचा छोटा डाँगल, म्हणजे लहरी पकडणारा तुकडा, यायचा. जुन्या मालात डाँगल हमखास गायब असतो आणि त्याच्याशिवाय पाट म्हणजे नुसती थाळी. दुसरा नियम: नव्या खेळात जुन्या बाहुल्या चालतात, जुन्या खेळात नव्या नाहीत. ओळखायला बैठकीचा रंग बघा. पहिल्या खेळाच्या हिरव्या, त्यानंतरच्या खेळांपैकी जायंट्सच्या केशरी, स्वॅप फोर्सच्या निळ्या, ट्रॅप टीमच्या लाल. आणि अमेरिकेतून विईची डिस्क आणू नका, तिला प्रदेशाचं कुलूप असतं, म्हणजे दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रात ती चालत नाही. पीएस 3च्या बहुतेक डिस्कना ते नाही.

आमीबो म्हणजे निन्टेन्डोच्या स्वतःच्या बाहुल्या, त्यांत पाटाची कटकटच नाही. स्विचच्या उजव्या जॉयकॉनवर (हातात धरायच्या कंट्रोलरवर), बोटाने फिरवायच्या काठीपाशी टेकवला की झालं. 2014 साली आले आणि चालू राहिलेत, स्विच 2लाही चालतात. प्रदेशाचं कुलूप नाही. रंगकाम बाकी सगळ्यांपेक्षा नाजूक. शोकेसमध्ये ठेवायचं तर हेच. पण खेळात मिळतं काय? ब्रेथ ऑफ द वाइल्ड या खेळामध्ये एक आमीबो दिवसातून एकदा टेकवायचा, थोडं मांस, मासे, नशीब असेल तर पेटीत काही चांगलं. पिंट्याने मित्राचा आमीबो टेकवून पाहिला आणि विचारलं, "एवढंच?" स्मॅश ब्रदर्स या लढाईच्या खेळात मात्र बाहुलीला लढायला शिकवून पातळी 50पर्यंत वाढवता येतं, तिथे जीव आहे. एका आमीबोत एका वेळी एकाच खेळाची नोंद राहते, हेही लक्षात ठेवा. म्हणून आमीबो घ्या तर लाडक्या पात्राचा एक. संच जमवायला लागलात तर तो तुमचा छंद झाला, मुलाचा खेळ नव्हे.

लेगो डायमेन्शन्स (2015) विटा जोडणाऱ्या मुलासाठी. खोक्यात बॅटमन, गँडाल्फ आणि वाइल्डस्टाइल अशी वेगवेगळ्या गोष्टींतली पात्रं एकत्र येतात, हा वेडेपणा मला फार आवडतो. पाटावरचा दरवाजा विटांनी स्वतः बांधायचा, आणि खेळताना बाहुल्या पाटाच्या तीन भागांत हलवत राहायच्या. चिप निळ्या चकतीत असते, बाहुली साधी लेगोची. म्हणजे उद्या खेळ बंद पडला तरी बॅटमन इतर विटांत मिसळून जातो. 2017मध्ये नवे संच थांबले, आणि नंतरच्या संचांसाठी खेळाला मोठे अपडेट उतरवावे लागतात. फक्त डिस्कच्या भरवशावर राहू नका.

याच प्रकारचं डिस्ने इन्फिनिटी 2016 साली गुंडाळलं गेलं. त्याची बाहुल्यांशिवाय चालणारी गोल्ड आवृत्ती नंतर पीसीवर आली, त्यामुळे खेळच हवा असेल तर प्लास्टिक जमवायचं कारण उरत नाही. बाहुल्या देखण्या आहेत, एवढंच.

बहिणीला शेवटी एक सांगितलं जे टोपलीवर लिहिलेलं नसतं. स्कायलँडर्सचा शेवटचा मोठा खेळ, इमॅजिनेटर्स, 2017मध्ये स्विचवर आला आणि तिथे पाट लागतच नाही, जॉयकॉनच पाट. आधीच्या खेळांतली पात्रंही त्यात चालतात. म्हणून तिला निरोप धाडला: आधी स्विचचा इमॅजिनेटर्स शोध. मिळाला तर टोपलीतून आठ तत्त्वांचं एकेक उचल, बैठकीचा रंग कुठलाही चालेल. नाही मिळाला तर बाहुल्या राहू देत, पिंट्याच्या आवडीचा एक आमीबो आण.

रात्री तिचा फोटो आला. दुकानातली टोपली, आणि तिच्या तळाशी दबलेला एक पाट. मी लगेच विचारलं, "तार आहे का त्याला? नसेल तर डाँगल?"

अजून उत्तर नाही.